साठ अंशांवरच्या प्लेटसाठी जेलन गम : एरेबसच्या गरम मातीतले जिवाणू वाढवणाऱ्यांसाठी परीक्षण

लो-अ‍ॅसिल जेलन गम म्हणजे प्रयोगशाळांत जेलराइट किंवा फायटाजेल या नावांनी येणारी पांढरट भुकटी. पेट्री डिशमधलं माध्यम घट्ट करणं एवढंच तिचं काम. ५५ अंश सेल्सियसपर्यंत हेच काम समुद्री शेवाळातून मिळणारं आगर कमी कटकटीत करतं, त्यामुळे तिथे जेलनवर पैसे घालवू नका. प्लेट ६० ते ७० अंशांवर ठेवायची असेल आणि तीही आठवडाभर किंवा अधिक, तर मात्र जेलन घ्या. तिची खोड एकच : ती आगरासारखी वागत नाही, आणि आगराच्या सवयीने हाताळली की प्लेट बिघडते. खालचं सगळं परीक्षण या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी काम काय आहे ते पाहू. अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचा माउंट एरेबस ३,७९४ मीटर उंच आहे आणि अजून धगधगतो आहे. त्याच्या माथ्याजवळच्या ट्रॅमवे रिजवर वाफ जमिनीतून वर येते आणि माती ६५ अंशांपर्यंत तापते. काही पावलांवर बर्फ असतं. वाफेचं पाणी होऊन माती ओली राहते, म्हणून तिथे जीवसृष्टी टिकली आहे. माउंट मेलबर्न आणि माउंट रिटमन या उत्तर व्हिक्टोरिया लँडमधल्या ज्वालामुखींवरही अशीच गरम माती आहे. ही तिन्ही ठिकाणं आता अंटार्क्टिकच्या विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १७५ मध्ये येतात. परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, परवाना मिळाला तरी निर्जंतुक कपडे आणि निर्जंतुक अवजारं लागतात, आणि हाती येते ती माती मोजकीच. एवढ्या खटाटोपाने आलेली माती प्लेट फाटल्यामुळे किंवा सुकल्यामुळे वाया जाणं परवडत नाही. म्हणून घट्ट करणाऱ्या भुकटीचं इतकं बारकाईने परीक्षण.

आगर साधारण ८५ अंशांच्या वर वितळतं, म्हणजे ६५ अंशांवर ते वितळायचा प्रश्न नाही. प्रश्न पाण्याचा आहे. या तापमानाला आगराचं जाळं सैल होतं, पाणी बाहेर सोडतं, वर ओघळ जमतात, कॉलन्या (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) एकमेकींत वाहतात, आणि तीन-चार दिवसांत मध्यभाग पातळ कागदासारखा सुकून डिशच्या कडेपासून सुटतो. टक्केवारी वाढवली की काम भागतं, थर्मस नावाच्या उष्णताप्रेमी जिवाणूंसाठी २.५ ते ३ टक्के आगर वापरायची जुनी रीत आहेच. पण तेवढं जाड आगर ओतताना चिकट असतं, गढूळ दिसतं, आणि बारीक फिक्या कॉलन्या त्यात हरवतात. गंमत म्हणजे आगर स्वतः याच कारणाने प्रयोगशाळेत आलं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन ३७ अंशांवर पातळ होत होतं, आणि फॅनी हेस यांनी आगर सुचवलं. ६५ अंशांवर आता तीच अडचण आगराची झाली आहे.

जेलन हे एका जिवाणूने तयार केलेलं बहुशर्करा द्रव्य आहे. हा जिवाणू आधी स्यूडोमोनास एलोडिया म्हणून ओळखला जाई, आता तो स्फिंगोमोनासमध्ये मोडतो. साखळीत दोन ग्लुकोज, एक ग्लुकुरॉनिक आम्ल आणि एक ऱ्हॅम्नोज असा चार घटकांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. ग्लुकुरॉनिक आम्लावर ऋणभार असतो. त्यामुळे साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात, आणि कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमसारखे दोन धनभारांचे आयन मधे आले की त्या जवळ येऊन पक्क्या बांधल्या जातात. आगराला अशा बाहेरच्या आयनाची गरज नसते. जेलनचं सगळं बळ आयनांवर अवलंबून असतं. नेमकं हेच विसरलं जातं, आणि मग ‘भुकटी खराब आली’ अशी तक्रार होते.

एक लिटर माध्यमासाठी सुरुवात अशी करा : जेलन ८ ग्रॅम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १ ग्रॅम. म्हणजे जेलन ०.८ टक्के आणि मॅग्नेशियम सुमारे ५ मिलिमोलर. मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम वापरायचं तर कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३ ते ०.४ ग्रॅम पुरतं, पण कॅल्शियमचं जेल जास्त कडक आणि ठिसूळ होतं, लूप (जिवाणू उचलायची कडी) टेकवला की तडकतं. आम्ही मॅग्नेशियमच्या बाजूने आहोत. प्रमाण जास्त म्हणजे जेल जास्त मजबूत, असा हिशेब इथे चालत नाही. एका हद्दीपलीकडे आयन वाढवले की जेल उलट कमजोर होतं आणि पाणी सोडू लागतं.

भुकटी थंड, आयनविरहित पाण्यात टाका. चुंबकी ढवळणी जोरात फिरत असताना भोवऱ्याच्या कडेला चिमूट चिमूट सोडा. गरम पाण्यात किंवा मीठ आधीच घातलेल्या माध्यमात टाकली तर बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडी भुकटी अडकते. अशा गुठळ्या ऑटोक्लेव्हमधूनही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातूनही) तशाच बाहेर येतात. नळाच्या जड पाण्यातही हेच होतं, कारण त्यात कॅल्शियम असतं. म्हणून मॅग्नेशियम शेवटी, आणि शक्यतो वेगळं ऑटोक्लेव्ह करून गरम असतानाच मिसळायचं. १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरतात. बाटली मोठी असेल तर वेळ वाढवा, कारण जेलनचं द्रावण दाट असतं आणि मध्यभागी उष्णता उशिरा पोचते.

खरी परीक्षा ओतताना होते. आगर ५० अंशांच्या पाण्यात ठेवून निवांत ओतायची सवय सगळ्यांना असते. जेलन तोवर बाटलीतच घट्ट होऊन बसेल. माध्यम ७० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. दुसरीकडे ८० च्या वर ओतलं तर पॉलिस्टायरीनच्या डिश वाकू लागतात आणि झाकणावर इतकी वाफ जमते की थेंब परत पृष्ठभागावर पडतात. म्हणजे हातात दहा अंशांची फट आहे. २५० मिलिच्या छोट्या बाटल्या करा, पाण्याचं तापमान ८० वर धरा, एकेक बाटली बाहेर काढा आणि थांबू नका. ९० मिमीच्या डिशमध्ये १५-२० मिलिऐवजी ३० मिलि ओता, कारण लांबच्या उबवणीत पाणी उडणारच आहे. ७० अंशांच्या वर उबवायचं असेल तर काचेच्या डिश घ्या.

एकदा बांधलं गेलेलं हे जेल मायक्रोवेव्हमध्ये परत वितळत नाही, कारण आयनांनी पक्कं धरलेलं जाळं १०० अंशांखाली सहसा सुटत नाही. बाटल्या घट्ट करून कपाटात ठेवायच्या आणि लागेल तसं वितळवायचं, ही सोय संपली. ज्या दिवशी हवं त्याच दिवशी बनवायचं. मोठ्या प्रयोगशाळेत ही त्रासदायक गोष्ट ठरते आणि आमच्या मते जेलनचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. इतकं गरम ओतावं लागतं म्हणून पोअर प्लेट पद्धतही (नमुना पातळ माध्यमातच मिसळून ओतायची) बाद होते. ७५ अंशांच्या माध्यमात मिसळले तर बीजाणू (काही जिवाणूंची चिवट सुप्त रूपं) कदाचित तगतील, पण ५५-६० अंशांना रमणाऱ्या जिवंत पेशी मरतील, आणि मग मोजलेला आकडा मातीचा राहत नाही. प्रतिजैविकं आणि उष्णतेने बिघडणारी जीवनसत्त्वंही एवढ्या गरम माध्यमात घालता येत नाहीत. ती गाळून निर्जंतुक करून घट्ट झालेल्या प्लेटवर पसरा आणि मुरू द्या.

पेरणी पृष्ठभागावरच करा. नव्या जेलन प्लेटवर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो आगरापेक्षा हळू शोषला जातो. झाकण किंचित उघडं ठेवून ५० अंशांवर अर्धा तास सुकवा, मग ०.१ मिलि द्रावण पसरा. टोकाला वाकवलेला काचेचा दांडा पृष्ठभाग ओरबाडतो. काचेचे मणी हलवून पसरवणं बरं. रेघा ओढायच्या तर गोल टोकाचा प्लास्टिक लूप घ्या, तारेचा नको. उबवताना प्लेट उलट्या करून झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात ओला टिश्यू ठेवा. उघड्या इन्क्युबेटरमध्ये, आणि पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये तर नक्कीच, जेलनही सुकतं. ते आगरापेक्षा उष्णतेला टिकतं, बाष्पीभवनाला नाही. हा फरक उत्पादनाच्या माहितीपत्रकांत क्वचितच ठळक असतो.

आता माध्यमातल्या इतर गोष्टी. उष्णताप्रेमींसाठी नेहमी वापरलं जाणारं कास्टेनहोल्झ क्षारमिश्रण घ्या. लिटरमागे त्यात नायट्रिलोट्रायअ‍ॅसेटिक आम्ल १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम सल्फेट ६० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट १०० मिलिग्रॅम असतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून पाऊण मिलिमोलरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा वाटा ते आम्ल स्वतःशी बांधून ठेवतं. जेलनच्या वाट्याला काय उरतं? जवळपास काहीच नाही. या माध्यमात वरून मॅग्नेशियम घातलं नाही तर प्लेट सैलसर जेलीसारखी हलत राहते. ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) असलेलं सूक्ष्म धातूंचं द्रावण आणि सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) यांचंही असंच. मातीचे कण सुटे करण्यासाठी पायरोफॉस्फेट वापरत असाल तर पहिलं द्रावण प्लेटवर न टाकता पुढच्या पातळ द्रावणांपासून पेरा, नाहीतर जिथे थेंब पडतो तिथे जेल मऊ पडतं.

फॉस्फेटची तऱ्हा वेगळी. कॅल्शियमसोबत ऑटोक्लेव्ह केलं की पांढरा गाळ होतो, आणि तो गाळ दुसऱ्या दिवशी बारीक कॉलन्यांसारखा दिसतो. न विरघळलेल्या जेलनच्या गुठळ्याही तशाच दिसतात. प्रत्येक खेपेला एक न पेरलेली प्लेट त्याच डब्यात उबवा. मोजणीआधी ती पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करणं आगराच्या बाबतीतही शहाणपणाचं आहे. आगर आणि फॉस्फेट एकत्र तापवले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू वाढतच नाहीत, हे २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. जेलनवर ‘नवे’ जिवाणू जास्त येतात असं म्हटलं जातं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

बफर निवडताना ट्रिस हा नेहमीचा बफर टाळा. तापमान दर अंशाने वाढलं की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांवर ८.० ला लावलेली प्लेट ६० अंशांवर ७.० ला येते. ट्रॅमवे रिजची सर्वांत गरम माती उदासीनच्या आसपास आणि थोडी अल्कधर्मी आहे, तेव्हा एवढ्या घसरणीने तुम्ही भलत्याच जिवाणूंना आमंत्रण देता. हेपेस हा दुसरा बफर याच्या निम्म्या वेगाने घसरतो. काहीही घेतलं तरी पीएच उबवण्याच्या तापमानालाच तपासा.

आम्लधर्मी मातीसाठी निकाल मिश्र आहे. माउंट मेलबर्न, माउंट रिटमन आणि कँडलमास बेटावरून २००० साली वर्णन केलेला बॅसिलस फ्युमॅरिओली ५०-५५ अंशांवर आणि पीएच ५.५ ला उत्तम वाढतो. या तापमानाला साधं आगर पुरतं. त्याच्यासाठी जेलन घेऊ नका. पीएच ४ च्या खाली मात्र आगराला आम्लासोबत ऑटोक्लेव्ह केलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते घट्टच होत नाही. जेलनही आम्लात तापवलं की कमजोर होतं, पण त्याला उपाय सोपा : जेलन दुप्पट तीव्रतेचं पाण्यात, माध्यम दुप्पट तीव्रतेचं आम्लात, दोन्ही वेगळी ऑटोक्लेव्ह करा आणि ८० अंशांवर एकत्र करून लगेच ओता. मिसळणं आणि ओतणं यांत मिनिटभरापेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

माउंट मेलबर्नच्याच मातीतून आलेला, १९९६ साली बॅसिलस थर्मअंटार्क्टिकस म्हणून वर्णन झालेला आणि आता पॅराजिओबॅसिलसमध्ये गेलेला जिवाणू ६० अंशांना रमतो. असे जिओबॅसिलसच्या गोतावळ्यातले जिवाणू एका रात्रीत प्लेट व्यापतात. ते आगरावरही येतात, जेलनवरही. फक्त तेवढेच हवे असतील तर ३ टक्के आगर घ्या आणि मोकळे व्हा. जेलनची किंमत वसूल होते ती हळू वाढणाऱ्यांसाठी. न्यूझीलंडच्या टिकिटेरे इथल्या गरम मातीतला थॉनोमोनास कॅलिडिरोझिया ६८ अंशांना उत्तम वाढतो. ज्या गटात तो मोडतो त्याची त्याआधी फक्त डीएनएवरून ओळख होती. असा जिवाणू हाती लागला तो जेलनच्या माध्यमांवर. एरेबसवर तसेच अनोळखी गट आहेत. ट्रॅमवे रिजच्या मातीचा डीएनए अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या थरात जगभर आढळणारे, वाऱ्याने आलेले गट दिसले, आणि खालच्या थरात इतरत्र न सापडणारे. हे दुसरे हवे असतील तर माती वरच्या थराची घेऊन भागत नाही, आणि तीन दिवसांत प्लेट फेकूनही नाही.

म्हणून पेरणी दोन भागांत करा. १ ग्रॅम माती ९ मिलि निर्जंतुक द्रावणात हलवा. अर्धी ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. यातून फक्त बीजाणू उरतात, म्हणजे बॅसिलसचे भाईबंद. उरलेली अर्धी न तापवता, पातळ पोषणाच्या जेलन प्लेटवर, जास्त विरळ करून पेरा, म्हणजे जिओबॅसिलसची पसरट कॉलनी सगळ्यांवर चढणार नाही. या प्लेट दोन ते तीन आठवडे ठेवा. जेलन काचेसारखं स्वच्छ असतं. खालून तिरका प्रकाश टाकला की सुईच्या टोकाएवढ्या फिक्या कॉलन्या दिसतात. दोन प्लेट शेजारी ठेवल्या की आगर इथे सरळ हरतं.

भुकटी घेताना डब्यावर लो-अ‍ॅसिल आहे की हाय-अ‍ॅसिल ते आधी वाचा. हाय-अ‍ॅसिल जेलन लवचिक, रबरी जेल देतं आणि गरम केल्यावर सुटतं. ते खाद्यपदार्थांसाठी ठीक, इथे निरुपयोगी. वनस्पती ऊतीसंवर्धनाच्या दर्जाची लो-अ‍ॅसिल भुकटी चालते, पण भुकटीत मुळातच थोडं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असतं आणि दर लॉटला ते बदलतं. म्हणून नवा डबा उघडला की १०० मिलिच्या तीन बाटल्या करा. प्रत्येकीत जेलन ०.८ ग्रॅम, आणि लिटरमागे ०.५, १ व २ ग्रॅम पडेल अशा हिशेबाने मॅग्नेशियम क्लोराइड. ओतून प्लेट उलट्या करा, ६५ अंशांवर डब्यात चोवीस तास ठेवा. जी प्लेट घसरत नाही, जिच्यावर पाणी कमी जमतं आणि लूपने फाटत नाही, ते प्रमाण त्या डब्यावर लिहून ठेवा. वाढ होते का हे पाहायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस पेरा. ऑटोक्लेव्ह तपासणीच्या पट्ट्यांवर त्याचेच बीजाणू असतात, वेगळं मागवावं लागत नाही. खऱ्या मातीला हात त्यानंतर.

किलोमागे जेलन महाग. पण ५०० ग्रॅममध्ये साठ लिटरांहून थोडं जास्त माध्यम होतं. ३ टक्क्यांच्या आगराच्या तेवढ्याच वजनात सोळा-सतरा लिटर. शिवाय जेलन टाकीत किण्वनाने बनतं, समुद्री शेवाळावर अवलंबून नाही. डबा घट्ट बंद ठेवा, भुकटी ओल पकडते आणि ओली भुकटी गुठळ्या करते.

कॉलनी उचलल्यावरचा एक त्रास राहिला. लूपसोबत जेलचे तुकडे येतात, आणि डीएनए काढताना अल्कोहोल घातलं की जेलनही डीएनएबरोबर खाली बसतं, मग पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) अडतं. कॉलनी १० मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये मिसळून कोमट करा. सायट्रेट मॅग्नेशियम ओढून घेतं, जेल सैल पडून विरघळतं. मग पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवून वरचं पाणी टाकून द्या आणि एकदा धुऊन घ्या. ईडीटीएनेही हे होतं, पण पुढे पीसीआर असेल तर सायट्रेट घ्या आणि धुणं चुकवू नका, कारण उरलेलं ईडीटीए पीसीआरमधल्या पॉलिमरेज या विकराला लागणारं मॅग्नेशियमच पळवतं.